आधी पीव्हीसीची चासी, मग लोखंडाची

संपादक महोदय,

भंगारातून घरी गाडी बनवली की फोटो छापून येतो, कौतुक होते. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या कारागिराची जीप 2021 साली अशीच गाजली. ती नियमांत बसत नाही हेही आनंद महिंद्रा यांनी तेव्हाच लिहिले होते, पण ते वाक्य कुणाच्या फारसे लक्षात राहिले नाही. मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी नसेल तर नोंदणी होत नाही; म्हणजे अशी गाडी शेतात, मैदानात किंवा बाहा (कॉलेजच्या मुलांनी बनवलेल्या खडतर रस्त्यांच्या गाड्यांच्या) स्पर्धेतच चालवायची. हे मान्य करूनही सोलापुरात कॉलेजची मुले आणि गॅरेजमधली पोरे चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, करायला घेतात, आणि पहिल्याच दिवशी कटर हातात धरतात. तिथेच घोळ होतो. लोखंड कापण्याआधी पीव्हीसी पाइपचा खऱ्या मापाचा नमुना उभा करावा, तो असा.

आधी इंजिन, गिअरबॉक्स, हब (चाक जिथे बसते तो भाग) आणि ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकाला फिरवणारा दांडा) समोर हवेत. मारुती 800 चे 796 सीसीचे इंजिन मागे बसवायचे असेल, तर शाफ्टची लांबी ठरलेली असते. गिअरबॉक्स कुठे बसणार हे ती लांबी सांगते, नळ्या नंतर. कागदावर चौकट काढून त्यात इंजिन कोंबणे हा उलटा उद्योग.

फरशीवर लाइनदोरीने मधली रेघ मारा. चाकांच्या रेघा तिला काटकोनात; गवंड्याचा तीन-चार-पाचचा हिशोब (बाजू तीन आणि चार, तर तिरपी पाच आली की काटकोन) इथे पुरतो. पुढचा आणि मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतले अंतर) वेगळा असला तरी चाकांच्या खुणांमधले दोन्ही कर्ण सारखेच आले पाहिजेत. मग 150 मिमीच्या ठोकळ्यांवर प्लायवूडचा तळ ठेवून त्यावर सीट मांडा आणि गटातल्या सगळ्यात उंच माणसाला हेल्मेटसह बसवा. पेडल पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागेच राहू देत, नाहीतर धडकेत पहिला मार पायांना.

नळ्यांच्या जागी वायरिंगचा 25 मिमीचा पीव्हीसी पाइप आणि केबल टाय वापरा. त्याचे बाहेरचे माप 25 मिमीच असते. लोखंड घेताना मात्र नुसते ‘एक इंची’ म्हणू नका. पाण्याचा एक इंची जीआय पाइप बाहेरून सुमारे 33.7 मिमी भरतो, शिवाय त्याच्या जस्ताचा धूर वेल्डिंगच्या वेळी छातीत जातो. बाहाच्या मुख्य रोल केजला (गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या पिंजऱ्याला) 25 मिमी बाहेरचे माप, 3 मिमी जाडी आणि किमान 0.18 टक्के कार्बन असलेली नळी चालते. एक सूचना खास आपल्या उन्हाळ्यासाठी: हा सांगाडा गच्चीवर उभा करू नका. पीव्हीसी लोखंडाच्या पाच-सहा पट फुगते आणि मे महिन्यात लांब पाइप मधोमध झोल खातो. सकाळचे माप दुपारी जुळत नाही.

इंजिनच्या जागी आतले सामान काढलेला रिकामा ब्लॉक ठेवलेला उत्तम. ऑइल फिल्टर काढायला हात जातो का, ड्रेन बोल्टला पाना बसतो का, आणि इंजिन खालून निघणार की वरून, हे तेव्हाच पाहा. नंतर कळले तर चांगली नळी कापावी लागते. चाक पूर्ण वर, पूर्ण खाली नेऊन दोन्ही टोकांना स्टिअरिंग पूर्ण वळवा. टायर बहुतेक वेळा तिथेच नळीला घासतो.

मजबुतीसाठी आइस्क्रीमच्या काड्यांचे 1:10 मापाचे मॉडेल हाताने पिळून पाहा. ज्या चौकोनात तिरपी काडी नाही, तोच आधी दुमडतो. चालकाची आणि इंजिनची जागा उघडी ठेवावी लागते, म्हणून तिरप्या नळ्यांचा खरा विचार तिथेच करायचा. इंजिनवरची तिरपी नळी बोल्टची ठेवली की इंजिन वरून काढता येते.

लोखंडाला हात लावल्यावर आधी सगळी चौकट फक्त टॅकवर (वेल्डिंगच्या छोट्या ठिपक्यांवर) उभी करा आणि दर टप्प्याला कर्ण मोजा. पूर्ण वेल्डिंग आलटून पालटून, समोरासमोरच्या सांध्यांवर. एकाच बाजूने ओढत गेलात तर गार होताना चौकट त्या बाजूला खेचली जाते. सस्पेन्शनचे ब्रॅकेट सगळे गार झाल्यावर, पुन्हा मोजून, सर्वांत शेवटी.

– एक फॅब्रिकेशन व्यावसायिक, सोलापूर