साडेचारची सरासरी

ताळगाव, गोवा

प्रिय शिरू,

चवथीआधी तुझं पत्र आलं आणि उत्तर राहिलंच. रागावू नकोस. घरी सगळी बरी, आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो.

आज लिहितोय कारण एमएच्या अभ्यासक्रमाचा विद्यार्थी-अभिप्राय बैठकीत वाचला गेला. पाचपैकी सरासरी साडेचार, सगळे खूश. वर्गात मुलं 18, फॉर्म भरला सहांनी. तिघांचे 5, तिघांचे 4. गप्प राहिलेल्या बारांपैकी एकानं जरी 1 दिला असता तरी सरासरी थेट 4 वर आली असती. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? तिथं सांगितलं तर म्हणाले, चांगलं झालंय त्यात खोट काढू नका.

आपलं जुनं भांडण आठव. तू म्हणायचास, प्रश्न नीट असले की आकडे खरं बोलतात. अरे, महाविद्यालयं-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या विद्यार्थी-सर्वेक्षणातसुद्धा 0 ते 4 गुणांचे 20 प्रश्न झाल्यावर एकविसावा मोकळा ठेवलाय, सूचना लिहायला. अठरा जणांच्या वर्गात खरी माहिती त्या एकविसाव्यातच मिळते. यावर तू चहाचा कप आपटणार, मला इथून ऐकू येतंय!

आणि आमच्या फॉर्ममधले प्रश्न तरी नीट कुठं होते? ‘शिक्षक वेळ देतात व प्रोत्साहन देतात’ यात दोन प्रश्न आहेत. वेळ देणारा पण सतत टोचून बोलणारा मार्गदर्शक असेल तर मुलानं कुठं खूण करायची? विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रमाचा अनुभव मोजणाऱ्या रॅम्सडेनच्या 1991 च्या प्रश्नावलीत उद्दिष्टांची स्पष्टता, कामाचा बोजा, मूल्यमापन हे सगळं वेगवेगळं मोजलंय. इथं सगळ्याची एकच सरासरी. एमएचं मूल खरं अडतं ते डिझर्टेशनपाशी, म्हणजे लघुप्रबंधापाशी. म्हणून सरळ विचारावं : प्रकरण दिल्यावर लेखी शेरे किती दिवसांत मिळाले? सात, पंधरा, महिना, की मिळालेच नाहीत?

फॉर्म पाठवला तोही अंतर्गत गुण भरायच्या आठवड्यात. गूगल फॉर्मवर ईमेल गोळा करण्याची खूण तशीच. वर तालुका, लिंग, ऐच्छिक विषय. सत्तरीहून येणारी आणि भाषाविज्ञान घेतलेली मुलगी वर्गात एकच असेल, तर नाव लपवून काय उपयोग? ती पाचच देणार.

मला वाटतं, पंधरा आठवड्यांच्या सत्रात सातव्या आठवड्यात विचारावं, म्हणजे सुधारणा झाली तर ती सांगणाऱ्यालाच मिळते. सत्र संपल्यावर विचारलं तर फायदा पुढच्या वर्गाचा, मग आत्ताच्या मुलानं कशाला कष्ट घ्यावेत? प्रश्न तीनच : काय चालू ठेवावं, काय अडतंय, काय बदलावं. हस्ताक्षर ओळखू येतं, म्हणून चिठ्ठ्या वर्गप्रतिनिधीनं टाइप करून द्याव्यात. पाचांपेक्षा कमी जणांच्या गटाचे आकडे वेगळे दाखवूच नयेत. आणि पुढच्याच आठवड्यात वर्गात वाचून दाखवावं, हे बदलतोय, हे बदलता येत नाही, कारण असं. हे शेवटचं टाळलं की पुढच्या खेपेस सहाचे तीन होतात. ग्रंथालयात संध्याकाळी थांबलं तर वाळपईची शेवटची बस चुकते, असली तक्रार कुठल्याही छापील प्रश्नात बसत नाही. पण ती कळली तर वाचनाचे तास दुपारी आणता येतात.

तुझ्या विभागाचा फॉर्म आहे तसा पाठव, न सुधारता. मडगावच्या घराचं प्लास्टर झालं का? वहिनींना नमस्कार, आणि धाकट्याला सांग, बारावीची पुस्तकं ठेवलीत, येऊन ने.

तुझा,
बाबल