करार झाला की पैसे येत नाहीत, जातात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या अर्थविषयक पानावर एका छोट्या तेल कंपनीबद्दल चौकट वाचली, "मोठा करार दृष्टिपथात, शेअरमध्ये तेजी" अशी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा त्या एका कंपनीचा नाहीये आणि ती चांगली की वाईट ते मला माहीतही नाही. पण वाचून पोटात खड्डा पडला, कारण अगदी अशाच एका बातमीवरून मी वेगळ्याच एका कंपनीत घुसलो होतो आणि मग 21 महिने देव पाण्यात घालून बसलो होतो. शेवटी सरकारशी तेल शोधायचा करार झाला बरं का. खरंच झाला, सही-शिक्क्यासकट. आणि तरी माझे पैसे गेले. ते कसे गेले हे सांगायला हे पत्र आहे, थोडं लांबेल, कापायचं असेल तर कापा पण मधला हिशेबाचा भाग तेवढा ठेवा.

मी जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, म्हणजे ताळेबंद कुठून वाचायचा हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती, आणि तरी या कंपनीचा ताळेबंद मी घेतल्यावर दीड वर्षाने पहिल्यांदा उघडला. आधी काय बघितलं तर जमिनीखाली किती कोटी बॅरल आहेत तो आकडा, त्याला तेलाच्या भावाने गुणलं, शेअरच्या संख्येने भागलं, आणि जे उत्तर आलं ते बघून त्या रात्री झोप लागली नाही. आनंदाने. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ना, ते हेच.

मग सुरू झाली वाट बघणं. ज्यांनी असा शेअर कधी धरला नाहीये त्यांना हे कळणार नाही, एक व्हॉट्सअॅप ग्रुप असतो, त्यात आपल्यासारखेच शे-दीडशे लोक, कोणी मास्तर, कोणी ड्रायव्हर, कोणी नुकतेच रिटायर झालेले, आणि सगळे मिळून कंपनीच्या प्रत्येक वाक्याचा कीस काढतात. "चर्चा प्रगत टप्प्यावर आहे" असं आलं की प्रगत म्हणजे किती प्रगत यावर दोन दिवस. मागच्या वेळी "लवकरच" लिहिलं होतं आणि या वेळी "योग्य वेळी" लिहिलंय, म्हणजे चांगलं की वाईट? कंपनी बोलली तर चांगलं, गप्प बसली तर अजून चांगलं, कारण आतल्या आत काहीतरी शिजत असणार आणि नियमाने त्यांना बोलता येत नसणार. भाव पडला तर कोणीतरी मुद्दाम पाडतंय, आपल्याकडून स्वस्तात काढून घ्यायला. थोडक्यात काहीही झालं तरी त्याचा अर्थ एकच, अजून घ्या. मी तीनदा अॅव्हरेज केलं, म्हणजे पडलेल्या भावात आणखी घेऊन सरासरी खरेदीभाव खाली आणला. आणि जो कोणी शंका काढेल त्याला ग्रुपमधून काढायचे, त्यात मीही एकदा होकाराचा अंगठा टाकलाय, त्या माणसाची आज मनापासून माफी मागावीशी वाटते.

आता करार म्हणजे काय ते. आम्हा सगळ्यांच्या डोक्यात चित्र असं की सरकारने सही केली की त्या दिवसापासून पैसा सुरू. प्रत्यक्षात बऱ्याच देशांत तेल शोधायचा जो करार असतो, उत्पादन वाटणीचा, त्यात सही करणं ही खर्चाची सुरुवात असते. सही करताना सरकारला बोनस द्यायचा, कमीत कमी किती काम करणार ते लिहून द्यायचं (इतके किलोमीटर सिस्मिक सर्व्हे, म्हणजे ध्वनिलहरींनी जमिनीखालचा अंदाज घेणं, इतक्या वर्षांत इतक्या विहिरी), त्याबद्दल बँक गॅरंटी ठेवायची म्हणजे तेवढी रोकड अडकली, आणि ठरलेल्या मुदतीत काम नाही झालं तर ब्लॉक, म्हणजे तेल शोधायला दिलेला तो भाग, सरकारला परत. समुद्रातली एक विहीर खणायला कोट्यवधी डॉलर लागतात, आणि नव्या भागातल्या बऱ्याचशा विहिरी कोरड्या निघतात. समजा तेल लागलं, तर आधी रॉयल्टी, मग झालेला खर्च वसूल करायला ठराविक वाटा, उरलेल्या नफ्याच्या तेलात सरकारचा हिस्सा, आणि मग कंपनी. मी जो गुणाकार केला होता त्यात यातलं काहीही नव्हतं.

आणि छोट्या कंपनीकडे हा खर्च करायला पैसा कुठून येतो? तेल विकून नाही, कारण विकायला तेल नाही. तो येतो नवे शेअर काढून. आमच्या कराराच्या दिवशी सकाळी एक तासभर भाव उसळला, ग्रुपवर पेढे वाटायच्या गोष्टी, दुपारपर्यंत तो आदल्या दिवसाच्याही खाली, आणि 11 दिवसांनी जाहीर झालं की कंपनी मोठ्या गुंतवणूकदारांना बाजारभावापेक्षा कमी भावात नवे शेअर देतेय, वर वॉरंट, म्हणजे पुढे ठरलेल्या भावात आणखी शेअर घ्यायचा हक्क. आम्हाला विचारलं पण नाही. ग्रुपवर सगळे चिडले की चांगली बातमी आली आणि हे असं कसं केलं, पण नंतर शांतपणे बघितलं तर कंपनीने दुसरं करायचं तरी काय? करारात विहीर खणायची लिहून दिलीये आणि खात्यात सहा महिन्यांचे पगार निघतील एवढीच रक्कम. जिची आम्ही चातकासारखी वाट बघत होतो ती बातमी म्हणजे आमच्याच नावावर येणारं बिल होतं.

हिशेब अगदी साधा आहे. कंपनीचे 100 कोटी शेअर आहेत, तुमच्याकडे 1 लाख, म्हणजे दहा हजारातला एक वाटा तुमचा. कंपनीने आणखी 50 कोटी काढले तर तुमचा वाटा पंधरा हजारात एक. तुमच्या खात्यात अजून 1 लाखच दिसतात म्हणून वाटतं काही गेलं नाही. असं तीन-चार वर्षांत दोनदा-तीनदा झालं की मग शोध लागला तरी तुमच्या वाट्याला काय येणार. "एवढ्याशा भावात शेअर मिळतोय, अजून किती पडेल" असं म्हणणाऱ्याने आधी एकूण शेअर किती आहेत ते मोजावं, माझ्यासकट कोणी मोजत नाही.

हे फक्त माझ्याच बाबतीत झालं असं नाही, जगभर जुनी उदाहरणं पडलीयेत. उत्तर समुद्रात बेंटली नावाच्या जड तेलाच्या साठ्यावर बसलेली एक्साइट एनर्जी होती, अहवालात 25 कोटी बॅरलहून जास्त साठा, आणि छोटे शेअरहोल्डर वाट कशाची बघत होते तर मोठा भागीदार येईल त्या कराराची. तो आलाच नाही. 2014 च्या मध्याला 100 डॉलरच्या वर असलेला तेलाचा भाव 2016 च्या सुरुवातीला 30 च्या खाली गेला, बाँडचे, म्हणजे कर्जरोख्यांचे, पैसे फेडता आले नाहीत आणि 2016 संपता संपता कंपनी गुंडाळली गेली. तेल अजून तिथेच आहे म्हणा, समुद्राखाली. ऑफिर एनर्जीचं इक्वेटोरियल गिनीमधलं गॅसचं काम असंच भिजत घोंगडं, पैसे उभे करायची बोलणी आज होतात उद्या होतात, आणि 2018 संपलं तसं सरकारने परवान्याची मुदत वाढवून द्यायला चक्क नकार दिला.

गल्फ कीस्टोनचं तर मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण तिथे सगळं होतं. इराकच्या कुर्दिस्तान भागात शेखान नावाचं मोठं क्षेत्र, 2009 मध्ये शोध, करार हातात, तेल प्रत्यक्ष बाहेर निघत होतं. मोठी कंपनी विकत घेणार अशा वावड्यांवर 2012 च्या सुरुवातीला भाव आकाशाला भिडला होता. पुढे कर्ज डोईजड झालं, 2016 मध्ये कर्ज देणाऱ्यांचं कर्ज शेअरमध्ये बदललं आणि जुन्या भागधारकांकडे कंपनीचा चिमूटभर भाग उरला. आणि 2023 च्या मार्चमध्ये इराक-तुर्कस्तान पाइपलाइनच बंद पडली, ती पुढची दोन वर्षांहून जास्त काळ. म्हणजे तेल लागलं, करार झाला, उत्पादन सुरू झालं, तरी छोटा शेअरहोल्डर कोरडाच.

कोणी म्हणेल की चांगली उदाहरणं पण आहेत, आहेतच की. फॉकलंड बेटांजवळ रॉकहॉपर कंपनीला 2010 च्या मेमध्ये सी लायन नावाचं तेलक्षेत्र सापडलं आणि काही महिन्यांत शेअर कित्येक पट झाला, ज्याने तेव्हा विकला त्याचं सोनं झालं. ज्याने "हे तर आत्ता सुरू झालंय" म्हणून धरून ठेवला त्याच्यासाठी सांगतो, पुढची तब्बल 15 वर्षं तिथून विक्रीला एक बॅरल निघालं नाही. त्याच समुद्रात त्याच वर्षी डिझायर पेट्रोलियमने 3 डिसेंबरला, शुक्रवारी, तेल लागल्याचं जाहीर केलं आणि सोमवारी सांगितलं की ते पाणी होतं. पाणी! शनिवार-रविवार लोकांनी काय काय बेत केले असतील. आणि ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचं नाव काढतो, तर तिथे एक्सॉनसारख्या महाकाय कंपनीला, पैशाची ददात नसताना, 2015 च्या शोधापासून पहिलं तेल काढायला 2019 चा डिसेंबर उजाडला. ज्याच्या खात्यात सहा महिन्यांचे पगार आहेत त्याने साडेचार वर्षं कशी काढायची?

आता तुमच्याबद्दल, राग मानू नका. तुमच्या चौकटीत "करार" हा शब्द चार वेळा आलाय आणि तो नक्की कुठला ते एकदाही नाही. सामंजस्य करार म्हणजे एमओयू, तो बहुतेक वेळा कोणावर बंधनकारक नसतो, आज केला उद्या विसरला. निविदेत निवड झाली म्हणजे अजून वाटाघाटी बाकी. वाटाघाटी झाल्या तरी काही देशांत मंत्रिमंडळाची, काही ठिकाणी संसदेची मंजुरी लागते आणि मधे निवडणूक आली तर नवीन सरकार नव्याने बघतं. पैसे घालणारा भागीदार आणायचा करार हा वेगळाच, आणि खरं तर छोट्या कंपनीला जगवतो तो हाच, कारण त्यात विहिरीचा खर्च दुसरा उचलतो, पण बदल्यात ब्लॉकचा मोठा हिस्सा त्याला जातो. या सगळ्याला एकच शब्द वापरला की वाचणाऱ्याला शेवटच्या पायरीवर आहोत असं वाटतं आणि असतो आपण पहिलीवर.

बॅरलच्या आकड्याचंही तेच. 2015 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये गॅटविक विमानतळाजवळच्या एका विहिरीवरून 100 अब्ज बॅरल अशा हेडलाइनी जगभर लागल्या होत्या. तो आकडा खडकात एकूण किती असू शकेल त्याचा होता, त्यातलं वर काढता येईल ते 3 ते 15 टक्के असं कंपनीच तेव्हा म्हणत होती. हेडलाइनमध्ये 3 टक्के कोण छापणार. सिद्ध साठा म्हणजे तेवढं तरी निघेल अशी किमान 90 टक्के खात्री, सिद्ध आणि संभवनीय मिळून 50 टक्के, आणि जिथे अजून ड्रिलच टाकलेलं नाही तिथला आकडा हा फक्त अंदाज, त्याला साठा म्हणतच नाहीत. तुमच्या चौकटीत जो आकडा आहे तो या शेवटच्या प्रकारचा आहे आणि शब्द वापरलाय "साठा".

लोकांनी सट्टा खेळू नये वगैरे मी म्हणत नाही, मला तो अधिकारच नाही. गाजराची पुंगी म्हणून थोडे पैसे लावायचे तर लावावेत, पण आमच्यात एक जण होता ज्याने मुलीच्या शिक्षणाचे लावले होते, तो करारानंतर ग्रुपवर एकदाही बोलला नाही. माझं मागणं तुमच्याकडे इतकंच आहे की अशी बातमी छापताना करार कुठल्या पायरीवर आहे ते लिहा आणि सोबत एक ओळ टाका, कंपनीकडे रोख किती आणि महिन्याचा खर्च किती. भागाकार वाचक करेल.

तुमच्या चौकटीतल्या कंपनीचा शेवटचा सहामाही अहवाल मी त्याच रात्री उघडून बघितला. जुनी सवय. रोख रकमेचा आकडा तिसऱ्या तक्त्यात शेवटून दुसऱ्या ओळीत आहे, तुमच्या वार्ताहराला पाच मिनिटंसुद्धा लागणार नाहीत.

आपला,
एक जुना वाचक (आणि अजूनही शेअरहोल्डर, कारण विकायला गेलो तर ब्रोकरेज जास्त पडतं)