गेटजवळच्या कंटेनर केबिनबाबत सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
पाथर्डी फाटा, नाशिक

विषय : कंटेनरची ऑर्डर देण्यापूर्वी फेरविचार करणेबाबत

स.न.वि.वि.

गेटजवळ जहाजी मालवाहतुकीचा जुना वीस फुटी कंटेनर ठेवून अर्ध्यात ऑफिस आणि अर्ध्यात वॉचमनची खोली करायचं सभेत ठरलं. काम झटपट होईल, पैसेही वाचतील, हे मान्य. पण कोटेशनमध्ये रंग, दोन खिडक्या, आतून ग्लासवूल (उष्णता अडवणारा काचतंतूंचा थर) व त्यावर प्लायवूड आणि ऑफिसपुरता एक एसी, एवढंच आहे. छतावरच्या उन्हाचं काय, याबद्दल एक ओळ नाही.

कंटेनरची भिंत म्हणजे दीड-दोन मिलिमीटरचा पन्हळी पत्रा. नऊ इंची विटेच्या भिंतीतून ऊन आत पोचायला काही तास लागतात, पत्र्यातून काही मिनिटं. अंबड एमआयडीसीत मी अशा साइट ऑफिसात बसलोय. एप्रिलमध्ये दुपारी तीनला पश्चिमेच्या पत्र्याला पाठ टेकवायची सोय नसे, टेबलं मधोमध ओढावी लागत, आणि लाइट गेली की सगळे बाहेर कडुनिंबाखाली. आपली गेटची जागाही पश्चिमेला उघडीच आहे. शिवाय आतली उंची आठ फुटांहूनही कमी, त्यामुळे छताचा पंखा लावायचा म्हणजे डोक्याशी खेळ.

उन्हाळा निदान कळतो तरी. दमटपणाचा त्रास उशिरा ध्यानात येतो. पावसाळ्यात एसीमुळे आतलं प्लायवूड गार पडतं, बाहेरची दमट हवा फटींतून त्याच्यामागे शिरते आणि तिथेच तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. ग्लासवूल भिजतं, वास सुटतो, पत्रा आतून गंजतो. थंडीत वेगळीच तऱ्हा. डिसेंबर-जानेवारीत रात्री छताचा पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो आणि आत झोपलेल्या माणसाच्या श्वासाची वाफ त्याला लागून थेंब थेंब गळते. माल पाठवणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. लांबच्या प्रवासात ओल शोषणाऱ्या पिशव्या कंटेनरमध्ये टांगतात त्या याचसाठी. द्राक्षं ज्या रीफरमधून, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमधून, परदेशी जातात त्यांच्या भिंतींत तर जाडजूड पफ (उष्णता अडवणारा फोम) भरलेला असतो. वॉचमनला निदान द्राक्षांइतकं तरी जपू या!

कंटेनरच घ्यायचा असेल तर छतावर फूटभर अंतर सोडून, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल असं दुसरं पत्र्याचं छप्पर घालावं. ग्लासवूलऐवजी पत्र्याला घट्ट चिकटणारा पफ स्प्रे मारून घ्यावा, खिडक्या समोरासमोर काढाव्यात आणि कापलेल्या जागी लोखंडी चौकट वेल्ड करावी, कारण पत्रा कापला की डब्याची ताकद कमी होते. अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवंच. अख्खी खोली लोखंडाची आहे. तळाच्या प्लायला बहुधा कीटकनाशक मारलेलं असतं. कोणतं, त्याची नोंद दारावरच्या पट्टीवर सापडते. ती वाचल्याशिवाय कोणाला तिथे झोपवू नये.

एवढं सगळं धरलं की स्वस्ताई फारशी उरत नाही. माझं मत विचाराल तर वॉचमन आणि ऑफिससाठी विटांची खोली, नाहीतर पफ पॅनलची, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये पफ भरलेल्या तयार तक्त्यांची, केबिन बरी. कंटेनर हवाच असेल तर गणपतीचं डेकोरेशन आणि मांडवाचं सामान ठेवायला घ्या. त्या कामाला तो उत्तम.

तरी ॲडव्हान्स देण्याआधी पफ पॅनलचं एक कोटेशन मागवावं आणि महापालिकेची परवानगी लागते का, ते नगररचना विभागात विचारून घ्यावं, ही विनंती. वॉचमनकाकांनाही पुढच्या बैठकीला बोलवा.

आपला,
सभासद, बी विंग