लॉकरवरची नावाची पट्टी

जर्सी सिटी
29 जून 2025

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

एप्रिलमध्ये तू रात्री साडेअकराला फोन केलास, त्याला आता अडीच महिने होत आले. तुमच्या बास्केटबॉल संघातले तेरापैकी सात जण पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, गेले आणि त्यांत तुझा तो मित्रही आहे, एवढं सांगून म्हणालास, "गद्दार आहे तो, बाबा." आणि फोन ठेवलास. त्यानंतर तू परीक्षेबद्दल बोललास, गाडीच्या टायरबद्दल बोललास, पण मला प्रत्येक वेळी तेच वाक्य ऐकू येत राहिलं. फोनवर विषय काढला की तू इंग्रजीत भराभर बोलत सुटतोस आणि मी मागे पडतो. म्हणून लिहायला बसलोय. मराठी शाळेत रविवारी रडत जायचास, पण वाचायला शिकलास. सावकाश वाच.

तू आईला सांगितलं होतंस की सीझन संपल्यावर लॉकरवरच्या नावाच्या पट्ट्या काढायचं काम संघाचा मॅनेजर म्हणून तुझ्याकडे आलं. बाकीच्या सहज निघाल्या, त्याची निघेना. शेवटी नखाने खरवडलीस आणि खाली डिंकाचा डाग राहिला. हे ऐकल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर तो डागच आहे. दोन वर्षं तू त्याचे घामेजलेले टॉवेल उचललेस, पहाटे सहाला जिम उघडून त्याला पाचशे-पाचशे शॉट मारायला चेंडू परत फेकलेस. त्याच्या डाव्या हातात जी सफाई आली ती तुझ्यासमोर आली. तुला वाईट वाटणारच. तुझं दुःख खोटं आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

पण तो गद्दार नाही रे.

थँक्सगिव्हिंगला तू त्याला घरी आणलं होतंस. दारातच वाकून बूट काढले त्याने, तू न सांगता. आईने पुरणपोळी केली होती. तिसऱ्या पोळीवर त्याने स्वतःच तूप मागून घेतलं आणि मग स्वतःच्या आईला व्हिडिओ कॉल लावून ताट दाखवलं. त्या माउली वृद्धाश्रमात रात्रपाळी करतात, तेव्हा नुकत्याच कामावर निघाल्या होत्या, अंगावर युनिफॉर्म होता. पाठीमागे एक लहान बहीण गृहपाठ करत होती. तू तेव्हा ताटं उचलत होतास, म्हणून तुला ते दिसलं नसेल. मी पाहिलं. ज्याच्या घरात महिनाअखेरीला विजेचं बिल टेबलावर पडून असतं, त्याला एखाद्या मोठ्या कॉलेजने वर्षाला एवढे पैसे देऊ केले की आईची रात्रपाळी सुटेल, तर त्याने काय करावं? माझा मुलगा असता तर मी त्याला "जा" म्हटलं असतं.

आणखी एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. पोर्टलमध्ये नाव टाकायच्या आदल्या दिवशी त्याने तुझ्या आईला फोन केला होता. तुला तोंडावर सांगायचं धाडस होत नाहीये म्हणाला. आईने हे इतके दिवस पोटात ठेवलं, कारण तू ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतास.

नियम कसे होते ते आठव. 2021 पर्यंत कॉलेज बदललं की मुलाला साधारणपणे एक वर्ष बाकावर काढावं लागायचं. त्या एप्रिलमध्ये एकदा बदलायची मुभा मिळाली. 1 जुलै 2021 पासून स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे घेता येऊ लागले, ज्याला तुम्ही एनआयएल म्हणता. आणि 2024 च्या एप्रिलमध्ये, अभ्यासाच्या अटी पाळल्या तर कितीही वेळा बदला, लगेच खेळा, असं झालं. नाव जाहिरातीचं, पण बरेचसे पैसे कलेक्टिव्हकडून, म्हणजे कॉलेजच्या देणगीदारांच्या गटाकडून येतात आणि ते सरळ पगारासारखे असतात, हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. ही मोकळीक मिळायच्या आधी मुलं बांधलेली होती. कोच मात्र कधीच बांधलेले नव्हते.

तुला मार्च 2022 आठवतो ना? आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं सेंट पीटर्स कॉलेज. मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत सोळांच्या गटात पंधरावं मानांकन. केंटकीला ओव्हरटाइममध्ये 85-79 हरवलं, मग मरी स्टेट, मग फिलाडेल्फियात पर्ड्यूला 67-64. पंधराव्या मानांकनाचा संघ एलिट एटमध्ये, म्हणजे शेवटच्या आठांत पोचला हे त्याआधी कधी घडलंच नव्हतं. त्या शुक्रवारी रात्री आपण केनेडी बुलेवार्डवर गेलो होतो. गाड्यांचे हॉर्न वाजत होते, आणि न्यूअर्क अॅव्हेन्यूवरच्या मिठाईवाल्याने ओळखपाळख नसलेल्या पोरांच्या हातावर जिलेबी ठेवली होती. त्यांचं बोधचिन्ह मोर म्हणून तुझ्या आजीने पुण्याहून फोनवर विचारलं होतं, "मोर जिंकले का रे?" दोन दिवसांनी नॉर्थ कॅरोलायनाकडून हरले. त्यानंतर तीन-चार दिवसांतच कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले. ते त्यांचं स्वतःचं कॉलेज, त्यांनी जाणं मला समजतं. पण मग संघ विरघळला. केसी एनडेफो कोचमागोमाग सीटन हॉलला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, ड्रामे जुळे ला सालला, मिशीवाला डग एडर्ट ब्रायंटला. तू सोळा वर्षांचा होतास, मुलांवर फार चिडला होतास. कोचवर चिडल्याचं मात्र मला आठवत नाही. मोठ्या माणसाने नोकरी बदलली तर ती प्रगती आणि वीस वर्षांच्या पोराने बदलली तर बेइमानी, हा न्याय मला पटत नाही.

आता तुझी बाजू. कारण तुझीही बाजू आहे, आणि ती त्या मुलाच्या विरुद्ध नाही.

यंदाच्या त्याच स्पर्धेची 7 एप्रिलची फायनल तू तुझ्या खोलीवर पाहिलीस, मी इथे. फ्लोरिडाने ह्यूस्टनला 65-63 हरवलं. फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन पहिल्या अर्ध्यात एकही गुण करू शकला नाही, आणि शेवटच्या क्षणी ह्यूस्टनच्या शूटरसमोर असा झेपावला की त्याला चेंडू सोडून द्यावा लागला. सगळं टीव्हीवर दिसलं, पण तो दोन वर्षं आयोनाकडून खेळला होता, सेंट पीटर्सच्याच लीगमध्ये, इथून तासाभरावरच्या न्यू रोशेलला, हे किती जणांना आठवलं? त्याच्या जोडीचा अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकचा, विल रिचर्ड बेलमाँटचा. राष्ट्रीय विजेत्या संघाचे तीन गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारे खेळाडू, तीन लहान कॉलेजांनी घडवले. आणि त्याच स्पर्धेत शेवटच्या सोळांत एकही लहान लीगचा संघ नव्हता, सोळाच्या सोळा चारच बड्या लीगचे. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटतच नाहीत. शेत कुणाचं आणि खळं कुणाच्या दारात, असं झालंय.

मी लहान असताना सांगलीकडच्या आमच्या गावात कबड्डी मंडळ होतं, हे तुला वरवर माहीत आहे. मास्तर शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी मैदानाची माती चाळायचे, खडा राहू नये म्हणून. पोरांच्या खुराकासाठी गावातून दूध गोळा करायचे, कुणाकडून अर्धा शेर, कुणाकडून पावशेर. आमच्यातला सगळ्यात चपळ चढाईपटू रेल्वेत लागला, तेव्हा मास्तरांनी स्वतःच्या पैशांनी पेढे वाटले. पुढच्या वर्षी आम्ही तालुक्यातच हरलो. मास्तर एका शब्दाने त्याला बोलले नाहीत. दिवाळीला तो गावी आला, बारा जोड्या नी-कॅप आणल्या आणि मंडळाची 501 रुपयांची पावती फाडली. ती स्थळप्रत मास्तरांनी शेवटपर्यंत पाकिटात जपली. तेवढी रक्कम फार नव्हती. पण घडवणाऱ्याचा वाटा असतो, हे त्या पोराला कुणी शिकवावं लागलं नाही.

बास्केटबॉलपटू स्टीफ करीने या वर्षी तेच केलं असं मला वाटतं. डेव्हिडसनसारख्या छोट्या कॉलेजात तो तीन वर्षं खेळला, 2008 ला त्यांना एलिट एटपर्यंत घेऊन गेला. आता तिथला असिस्टंट जनरल मॅनेजर म्हणून परत आला, दोन्ही संघांसाठी, मुलांच्या आणि मुलींच्या, निधी उभा केला. फार चांगलं केलं. पण प्रत्येक कॉलेजला करी कुठून मिळणार? चांगुलपणावर मंडळ चालतं, तीनशे-साडेतीनशे कॉलेजांचा व्यवहार चालत नाही.

हिशेब बघ. तुमचा संघ मार्चच्या स्पर्धेत एक सामना खेळला तर त्या एका सामन्याचे सहा वर्षांत मिळून सुमारे 20 लाख डॉलर तुमच्या लीगला मिळतात, आणि मग त्याची वाटणी. त्यातून बसचं भाडं निघतं, मुलींच्या संघाचा खर्च निघतो, पोहण्याचा तलाव चालू राहतो. पोर्टलमध्ये चांगला गार्ड गेला म्हणजे तो सामनाही गेला. वर 6 जूनला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेला, खेळाडूंच्या दाव्यातला तो समझोता. परवापासून, 1 जुलैपासून, कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतील, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. तुमचं कॉलेज कुठून देणार? आणि आधीच्या खेळाडूंची जवळजवळ 280 कोटी डॉलरची भरपाई दहा वर्षांत द्यायची आहे, तिचा मोठा भाग एनसीएए, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणारी संघटना, सगळ्या लीगच्या वार्षिक वाटपातून कापणार, लहानांच्याही. ज्यांनी ते पैसे कमावलेच नाहीत त्यांच्याही ताटातून घास काढला जातोय. पेनसिल्व्हेनियातलं सेंट फ्रान्सिस यंदा मार्चमध्ये स्पर्धेत खेळलं, आणि आठवड्याभरात त्यांनी जाहीर केलं की आम्ही डिव्हिजन थ्रीमध्ये जातो, म्हणजे खेळासाठीची स्कॉलरशिपच नाही. तिथेही तुझ्यासारखा एखादा मॅनेजर असेल. त्याने कुणावर रागवायचं?

मला एक साधी गोष्ट खटकते. कोच करार मोडून गेला तर ठरलेली रक्कम जुन्या कॉलेजला भरावी लागते, आणि ती सहसा नवं कॉलेजच भरतं. फुटबॉलमध्ये तर जगभर नियम आहे: खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबने घेतला की त्या रकमेतले पाच टक्के, वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या क्लबांनी त्याला घडवलं त्यांच्यात वाटले जातात. गल्लीतल्या क्लबलाही त्यातून जाळी, चेंडू घेता येतात. इथे खेळाडू विद्यार्थी मानला जातो, नोकर नाही, म्हणून त्याची ट्रान्सफर फीच नाही, आणि आयोनाला क्लेटनसाठी कुठल्याही नियमाने एक डॉलरही मिळत नाही. हे बदलता येईल. मुलाच्या पैशाला हात न लावता, घेणाऱ्या कॉलेजच्या खिशातून. तू अर्थशास्त्र शिकतोस. कॉलेजच्या पेपरात लिही. नावानिशी, आकड्यांनिशी लिही. त्या पोराला शिवी देण्यापेक्षा हे जास्त कठीण आहे, म्हणूनच तुला सांगतोय.

आणि जे गेले ते सगळे पैशांकडेच गेले असंही नाही. या वसंतात दोन हजारांहून जास्त मुलं पोर्टलमध्ये होती. सगळ्यांना जागा मिळत नाही. तुझ्याच सातांपैकी दोघांना कोचने सरळ नारळ दिला होता, तूच म्हणालास. त्यातला तो उंच, अबोल मुलगा अजून कुठे लागला नाही ना? त्याला फोन कर. खरंच कर. गावात ज्याला रेल्वेने घेतलं त्याला सगळे भेटायला जायचे, आणि ज्याला परत पाठवलं त्याच्या घरी फक्त मास्तर जायचे.

मॅनेजरचं काम सोडायचं म्हणतोयस असं आईकडून कळलं. निर्णय तुझा. मला विचारशील तर हे एक वर्ष कर. ऑगस्टमध्ये नवीन मुलं येतील, कुणी बड्या कॉलेजात बाकावर बसून आलेला, कुणी तिसरं कॉलेज बदलून. त्यांना जिम पहाटे कुणी उघडून देतं का, हे ते बघतील. कदाचित तेही वर्षभरात जातील. त्यांच्या पट्ट्या लॉकरवर लावशील तेव्हा डाग आधी थोडं खोबरेल तेल लावून पुसून घे, डिंक निघतो.

पुढच्या रविवारी आषाढी आहे. आई खिचडी, रताळ्याचा कीस आणि वरीचे तांदूळ करणार आहे. शनिवारी रात्रीच ये, म्हणजे सकाळी पूजेला असशील. त्या मुलाचा नवा नंबर आईकडे आहे. मागितलास तर ती देईल.

तुझा,
बाबा