घटपर्णी भुकेने मरत नाही

महोदय,

कीटकभक्षी वनस्पतींवरील लेखात घटपर्णीला (घटासारख्या पानांत कीटक पकडणाऱ्या वनस्पतीला) अधूनमधून मांसाचा बारीक तुकडा द्यावा आणि ती घरात असली की डास कमी होतात, असे म्हटले आहे. दलदलीत वाढणाऱ्या सॅरासेनिया पर्प्युरिया या घटपर्णीपुरते तरी हे दोन्ही खरे नाही. कुंडीतली ही वनस्पती सहसा भुकेने मरत नाही. नळाचे पाणी, खतावलेली माती आणि न मिळालेला हिवाळा तिला मारतात.

आधी डासांचे. इतर सॅरासेनियांच्या घटावर झाकण कललेले असते. हिचे घट बुटके, तोंड आभाळाकडे आणि झाकण ताठ उभे, त्यामुळे पाऊस थेट आत साठतो. काठावरच्या मधासाठी आलेला कीटक घसरला तर खाली वळलेल्या केसांमुळे त्याला वर चढता येत नाही आणि तो बुडतो. तरीही आलेल्यांपैकी बहुतेक जण मध चाटून सुखरूप निघून जातात. बुडालेल्याचे पचन बरेचसे घटातल्या बिऱ्हाडकरूंवर सोपवलेले असते. तळाशी चिलटासारख्या एका माशीच्या अळ्या मेलेल्या कीटकाचे तुकडे करतात, त्यावर जिवाणू वाढतात आणि ते जिवाणू गाळून खातात चक्क डासाच्याच अळ्या. वायोमिया स्मिथाई हा डास आपली अंडी याच घटांत घालतो आणि त्याच्या अळ्या थंडीत घटातल्या बर्फात गोठून वसंताची वाट पाहतात. डास मारणारे झाड म्हणून ही वनस्पती विकणे हा उफराटा कारभार आहे.

मांस, दूध, चीज यांतले काहीही घटात टाकू नये. ते पचण्याआधी कुजते आणि घट तळापासून काळा पडतो. उघड्यावर ठेवली तर घटपर्णी आपले पोट आपण भरते. प्रवासात घटातले पाणी सांडले असेल, तर प्रत्येक घट पावसाच्या पाण्याने अर्धा भरावा, एवढे पुरे.

खरी काळजी मुळांची घ्यायची. तिच्या मूळ दलदलीत स्फॅग्नम मॉस या शेवाळामुळे पाणी आम्लधर्मी असते, नत्र जवळपास नसतेच. म्हणून बिनखताचे पीट (दलदलीतले अर्धवट कुजलेले शेवाळ) आणि परलाइट (पांढरे हलके खनिज दाणे) समप्रमाणात घ्यावे. परलाइट नसेल तर धुतलेली जाड सिलिका वाळू चालते, चुनखडीची वाळू मुळीच नाही. कोकोपीटमध्ये मीठ असू शकते. तेच वापरायचे असेल तर अनेकदा धुवावे आणि निथळलेले पाणी टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरने तपासावे. शेणखत, गांडूळखत वर्ज्य. नत्र जास्त मिळाले की ही वनस्पती घट करणे सोडून चपटी पाने काढू लागते. घटांविना नुसती हिरवी पाने दिसली, तर आधी खताचा संशय घ्यावा.

प्लॅस्टिकची कुंडी ताटलीत ठेवून ताटलीत दोन-तीन सेंटीमीटर पाणी राहू द्यावे. पाणी पावसाचे किंवा डिस्टिल्ड, टीडीएस ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) आत. आरओ यंत्राचे पाणीही मोजूनच घ्यावे, कारण काही यंत्रे त्यात पुन्हा क्षार मिसळतात. ताटलीतले पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहून साचतात. म्हणून महिन्यातून एकदा वरून भरपूर स्वच्छ पाणी ओतून निथळू द्यावे आणि ताटलीतले फेकून द्यावे. रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. सावलीत घट फिके, लांबट आणि लुळे होतात.

आता हिवाळा. तीन-चार महिने शून्य ते दहा अंश सेल्सिअस तापमान मिळाले नाही, तर एखादे वर्ष निभते, पुढे मात्र कंद थकत जातो. जिथे थंडी पडत नाही तिथे कंद काढून, कुजलेले भाग कापून, ओलसर (पाणी गळणार नाही इतपत) स्फॅग्नममध्ये गुंडाळावा आणि पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावा. बर्फकप्प्यात नव्हे. दर पंधरवड्याला उघडून बुरशी पाहावी. उष्ण हवेसाठी व्हेनोसा ही दक्षिणेकडची उपजात निवडलेली बरी, उत्तरेकडची उपजात गरम रात्रींत लवकर सडते. जुने घट वरून तपकिरी होत वाळणे नैसर्गिक आहे. मधला कोंब काळा आणि मऊ पडला, तर मात्र लगेच कुंडीबाहेर काढून निरोगी भागापर्यंत कापावे.

एक गोष्ट लेखात राहून गेली. ही वनस्पती साइट्स (CITES) या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे परदेशातून रोप मागवताना परवान्याची चौकशी आधी करावी. रोप रोपवाटिकेत वाढवलेले आहे की दलदलीतून उपटलेले, हेही विक्रेत्याला विचारावे. नको झालेले रोप ओढ्याकाठी सोडू नये. आयर्लंडमध्ये १९०६ साली लावलेली ही घटपर्णी तिथल्या दलदलींत पसरून मूळच्या वनस्पतींची जागा घेत आहे.

आपले,
कीटकभक्षी वनस्पती वाढवणारे काही वाचक