गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या भट्टीवाल्या भाऊंना

भाऊ,
सप्रेम नमस्कार.

काजूच्या मोसमात एकट्याने गाडी घेऊन सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, डिचोली, वाळपई असा फेरा करणाऱ्याला काजूच्या दारूची चव घ्यायला बोलावणारे जागोजागी भेटतात. पेला भरण्याआधी "आज मुक्काम कुठे?" असं विचारणारे तुम्ही विरळाच. तुमच्या भट्टीवर मिळालेली माहिती एकट्या प्रवाशाला पर्यटनाच्या कुठल्याही रंगीत पत्रकापेक्षा जास्त कामाची आहे, म्हणून हे आभार चारचौघांत.

सगळ्यात मोलाचा ठरला तो हुर्राकचा हिशेब. हुर्राक म्हणजे काजूच्या आंबवलेल्या रसाची पहिल्या धारेची दारू, साधारण 15 टक्के अल्कोहोलची. लिंबू, मीठ, चिरलेली मिरची आणि लिम्का घातली की एप्रिलच्या उन्हात तो सरबतासारखा जातो, आणि फसगत होते ती तिथेच. 200 मिली हुर्राकमध्ये सुमारे 24 ग्रॅम अल्कोहोल असतं. फेणी 42.8 टक्क्यांची, तरी तिच्या 60 मिलीत, म्हणजे दोन मापांत, ते 20 ग्रॅमच भरतं. म्हणजे 'हलका' म्हणून दिलेला मोठा पेला फेणीच्या दोन मापांना मागे टाकतो. शरीर तासाला ढोबळमानाने 7 ते 10 ग्रॅम निकाली काढतं. कॉफी, आंघोळ, ताक यांनी त्यात काडीचा फरक पडत नाही. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सोबतीला दुसरा चालक नसेल तर नियम एकच उरतो: सकाळी भट्टी बघायची, दुपारी गाडी हाकायची, चव घ्यायची ती मुक्कामी पोचून किल्ली खुंटीला लावल्यावर.

भट्टीचं कामही तुम्ही नीट समजावून दिलंत. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून तोडायचा नाही, पिकून गळालेलाच वेचायचा. कच्चा घेतला तर तुरटपणा शेवटपर्यंत राहतो. बी पिळून वेगळी केली की बोंडू त्याच दिवशी चेचावा लागतो, उन्हात ठेवला तर आपसूक आंबू लागतो. रस साधारण तीन दिवस आंबवायचा, मग तांब्याच्या हंड्यात. हंड्याचं तोंड मातीने नीट लिंपलेलं नसेल तर वाफेबरोबर मालही जातो, आणि खाली जाळ असल्यामुळे ती वाफ पेट घेऊ शकते. म्हणून बघ्यांनी फोटोसाठी हंड्याला खेटून उभं राहू नये. जाळ मोठा केला तर काम लवकर आटपतं, पण रस तळाला लागतो आणि करपट वास फेणीत उतरतो. पहिल्या ऊर्ध्वपातनाचा हुर्राक, तोच आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा चढवला की फेणी. हुर्राक टिकत नाही, तो मोसमातच संपवायचा. फेणी काचेत वर्षानुवर्षं राहते. ओल्या बिया हाताळू नका, हेही तुम्ही वेळेत सांगितलंत. टरफलातल्या तेलाने कातडी सोलवटते, आणि त्याच हाताने स्टिअरिंग धरून डोळा चोळला तर पुढचा प्रवास बोंबलला.

चालकासाठी खरं पेय म्हणजे निरो. चेचलेल्या बोंडूच्या ढिगातून हळूहळू गळणारा गोड रस, ताजा असेपर्यंत नशेविना. मात्र तो बाटलीत घट्ट बंद करून गाडीत ठेवायचा नाही. गरम गाडीत आंबणं जोरात सुरू होतं, वायू साठतो आणि बाटली फुटते. चिकट रस सीटच्या फोममध्ये गेला की मुंग्यांची सोय झाली. तिथेच प्यावा, निघावं.

सीमेबद्दलचा तुमचा इशारा अनेकांना रुचत नाही. गोव्यातली स्वस्त बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. बांद्याजवळच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर डिकी उघडतात आणि गाडीही जप्त होऊ शकते. "एकच तर आहे" हे तिथे चालत नाही. सीमेच्या अलीकडे, महाराष्ट्रात, तोच बोंडू ढिगाने कुजताना पाहिला की चडफड होते, पण तो राग डिकीतून काढायचा नसतो.

रस्त्याचं थोडक्यात: टाकी बांद्यालाच भरावी, नकाशा आधी उतरवून ठेवावा, कारण दोडामार्गच्या पुढे रेंज येते-जाते. कडेची जांभ्याची बारीक खडी वळणावर टायरखाली सरकते, तिथे ब्रेक वळणाआधीच दाबावा. तिलारीच्या उतारावर दुसरा गिअर, गरज पडली तर पहिला. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापून पकड सोडतात. आणि तिलारी खोऱ्यात रानटी हत्तींचा वावर आहे, तेव्हा अंधार पडायच्या आत मुक्काम गाठावा. हत्ती दिसला तर हॉर्न नाही, प्रखर दिवे नाहीत. अंतर राखून थांबावं, जमेल तसं मागे यावं.

एवढं सगळं तुम्ही जाळाकडे लक्ष ठेवत, एकही बाटली गळ्यात न मारता सांगितलंत. फेणी हवी असेल तर तळहातावर थेंब चोळून बघायला लावलंत: अल्कोहोल उडून गेल्यावरही बोंडूचा वास मागे राहिला तर माल बरा, नुसता उग्र भपका येऊन हात कोरा पडला तर ठेवून द्यावा. विकणाऱ्यानेच अशी पारख शिकवणं आजकाल दुर्मीळ.

पुढच्या मोसमात पहिला हुर्राक उतरला की निरोप धाडा. शनिवार-रविवारची गर्दी टाळून, वाळपईतली खोली आधी पक्की करूनच येणं होईल.

आपला ऋणी,
एकट्याने फिरणारा एक चालक