झोपेची गोळी म्हणून काय देताय ते पेशंटला सांगा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला निद्रानाशावरचा लेख वाचला. हळदीचं दूध, दुपारनंतर चहा बंद, मोबाईल लांब ठेवा, सगळं बरोबर आहे, पण "गरज पडल्यास डॉक्टर झोपेची सौम्य गोळी देतात" एवढ्या एका ओळीत गोळ्यांचा विषय उरकलात, ते काही पटलं नाही.

आमच्या आत्तींचं वय सत्तरीच्या पुढं, शुगर आहे, यजमान गेल्यापासून झोप लागेना. डॉक्टरांनी क्वेटियापिन ५० लिहून दिली, "साधी झोपेची गोळी आहे, सवय लागत नाही" एवढंच बोलले. नंतर मेडिकलवाला चिठ्ठी न बघताच कापून द्यायचा, आणि स्ट्रिप अशी कापायचा की निम्मं नाव आणि ती लाल रेघ दुसऱ्याच तुकड्यावर राहायची. शेड्यूल एचचं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही असं औषध आहे हो हे! एका रात्री आत्ती लघवीला उठल्या, चक्कर येऊन बाथरूमच्या उंबऱ्यात पडल्या, मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी चालू गोळ्या विचारल्या तेव्हा पोरांनी मोबाईलवर नाव टाकून बघितलं तर स्किझोफ्रेनियाची, म्हणजे गंभीर मानसिक आजाराची गोळी! आत्ती रडायलाच लागल्या, "मला येड लागलंय म्हणून दिल्ती व्हय रं ही गोळी?" त्याच रात्री गोळी एकदम बंद केली आणि मग होती ती पण झोप गेली.

हे औषध अमेरिकेत १९९७ ला मंजूर झालं ते स्किझोफ्रेनियासाठी, पुढं बायपोलर या मानसिक आजारासाठी. स्किझोफ्रेनियाला डोस दिवसाला १५० ते ७५० मिलिग्रॅम. २५-५० मध्ये जी झोप येते ती सर्दीच्या गोळीनं गुंगी येते तशातलीच, मेंदूला जागं ठेवणारं हिस्टामिन हे रसायन अडवल्यामुळं. पण उठताना बीपी खाली येणं, शुगर आणि वजन वाढणं हे धोके राहतातच, म्हातारं माणूस पडलं की संपलं. अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ लाच सांगितलंय की नुसत्या निद्रानाशाला क्वेटियापिनसारखी औषधं पहिला उपाय म्हणून देऊ नका. डॉक्टरांना मंजुरीबाहेरच्या कारणासाठी औषध लिहिता येतं, मान्य आहे, कधी गरजही असेल, पण मग हे औषध मुळात कशाचं, तुम्हाला का देतोय, उठताना काय काळजी घ्यायची, हे घरच्यांना सांगायला दोन मिनिटं लागतात. बायपोलरच्या ज्या पेशंटला ही गोळी चालू आहे त्यांनी हे वाचून परस्पर बंद करू नये, ज्यांना झोपेसाठी दिलीय त्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं.

पुढच्या पुरवणीत एखाद्या मानसोपचार तज्ज्ञांकडून यावर सविस्तर लिहून घ्या, आणि गोळ्यांशिवाय झोपेची जी सीबीटी थेरपी (विचार आणि सवयी बदलायचा उपचार) असते ती कोल्हापुरात कुठं मिळते ते पण छापा. सीपीआर या इथल्या सरकारी दवाखान्यात रोज खेड्यापाड्यातनं माणसं येतात, त्यांना कोण सांगणार?

आणि झोपेचा विषय निघालाच आहे तर मंगळवार पेठेतल्या डॉल्बीचं पण एकदा छापा. रात्री १० नंतर बंदीचा नियम २००० सालापासून आहे, मिरवणूक कुणाचीही असो, खिडक्यांच्या काचा थडथडतात आणि पोलिसांना फोन केला की "बघतो" एवढंच उत्तर मिळतं.

आपला,
एक जुना वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर